लस आणि वस्ती : महानगरातील प्रौढ लसीकरणाच्या विषमतेचा विचार

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा पाठ)



एखाद्या संस्थेची पन्नास वर्षे पूर्ण होतात, तेव्हा तिच्या कार्याचा आढावा घेताना आरोग्यसेवेचे पान हमखास उघडले जाते. रक्तदान, नेत्रतपासणी, मोफत दवाखाना, औषधपेढी यांची आठवण निघते. लसीकरणाची आठवण मात्र क्वचितच निघते. आणि निघालीच तर डोळ्यांपुढे उभे राहते ते आईच्या कडेवरचे बालक. लस ही बालकाची गोष्ट, मोठ्या माणसाचा तिच्याशी संबंध नाही, अशी समजूत समाजात दीर्घकाळ रूढ होती. २०२१ साली कोरोनाच्या साथीने ती मोडली. प्रौढ माणूस रांगेत उभा राहिला आणि त्याच वेळी एक जुने सत्य नव्याने उघडे पडले. शहर एक असते, लस एक असते, परंतु तिच्यापर्यंतचे अंतर वस्तीगणिक निराळे असते. त्या अंतराचा विचार हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

एक विभाग, दोन वस्त्या

मुंबई महानगरपालिकेच्या जी उत्तर विभागात दादर, माहीम आणि धारावी या तिन्ही वस्त्या मोडतात. विभाग कार्यालय एकच, अधिकारी तेच. २०२१ च्या मे महिन्याच्या प्रारंभी दादर पश्चिमेला एका उत्तुंग इमारतीच्या वाहनतळात लसीकरण केंद्र सुरू झाले. मोटारीतून यावे, मोटारीतच बसून लस घ्यावी आणि अर्धा तास थांबून परतावे, अशी सोय होती. वृद्धांना व अपंगांना रांगेत तिष्ठावे लागू नये हा तिचा हेतू, आणि तो निःसंशय चांगला होता. कित्येक वयोवृद्धांना त्या केंद्राने दिलासा दिला.

तेथून अवघ्या तीन-चार किलोमीटरवर धारावी आहे. सुमारे अडीच चौरस किलोमीटरच्या जागेत आठ-साडेआठ लाख माणसे राहतात, असा तिचा अंदाज नेहमी दिला जातो. तेथील छोटा सायन रुग्णालयात मार्च २०२१ मध्ये लसीकरण केंद्र उघडले. सुरुवातीच्या दिवसांत तेथे स्थानिकांचा प्रतिसाद अल्प होता. याचा अर्थ धारावी अडाणी आहे, असा काहींनी लावला. तो अर्थ किती उथळ होता, हे धारावीच्याच एक वर्ष आधीच्या इतिहासावरून दिसते. १ एप्रिल २०२० रोजी तेथे पहिला रुग्ण आढळला. त्यानंतर परिसरातले खाजगी डॉक्टर संरक्षक पोशाख चढवून गल्लोगल्ली फिरले आणि त्यांनी हजारो लोकांची घरोघरी तपासणी केली. लोकांनी त्यांना दारे उघडली, कारण ते चेहरे ओळखीचे होते. ज्या डॉक्टरने पोराचा ताप उतरवला होता, त्याच्यापुढे ताप लपविण्याचे कारण नव्हते. एका वर्षात ही वस्ती अडाणी झाली नव्हती. पहिल्या वेळी आरोग्यसेवा वस्तीच्या दारात गेली होती. दुसऱ्या वेळी वस्तीने आरोग्यसेवेच्या दारात यावे, अशी अपेक्षा होती.

शंभर टक्क्यांचे कोडे

आकडेवारी या प्रश्नावर प्रकाश टाकते, तशीच ती त्याला झाकतेही. मुंबईत लसीकरणास पात्र प्रौढांचे उद्दिष्ट ९२ लाख ३६ हजार ५०० असे धरले होते. पहिल्या मात्रेचे प्रमाण २०२२ सालापर्यंत शंभर टक्क्यांच्याही वर गेले. शंभरातील शंभराहून अधिक माणसांना लस मिळाली, हे गणित सामान्य माणसाला कोड्यात टाकणारे आहे. त्याचे उत्तर सोपे आहे. लस जेथे टोचली, तेथे तिची नोंद झाली. टोचून घेणारा कोठे राहतो, यावरून नाही. ठाणे, वसई, कल्याण, नवी मुंबई येथून कामासाठी येणारे असंख्य लोक मुंबईच्या हिशेबात मोजले गेले.

परिणाम असा की, शहराचा आकडा पूर्ण भरला. परंतु एखाद्या चाळीत किती जण राहून गेले, ते त्या आकड्यातून कळेनासे झाले. सरासरी ही श्रीमंत घरच्या पंगतीसारखी असते. किती पाने वाढली ते ती सांगते. दाराबाहेर कोण उभे राहिले ते सांगत नाही.

वस्ती-वस्तीतले अंतर मोजण्याचा एक प्रयत्न मात्र याच शहरात लसीच्या आधी झाला होता. जुलै २०२० मध्ये महानगरपालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी तीन विभागांत रक्तनमुन्यांचे सर्वेक्षण केले. झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. त्याच विभागांतील इतर इमारतींत हे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना रोग इतक्या भिन्न गतीने हिंडला. सामायिक शौचालय, दहा बाय दहाची खोली आणि एका नळावरची गर्दी ही त्याची कारणे होती. ज्यांना रोगाने प्रथम गाठले, त्यांनाच पुढे लस गाठताना अधिक पायऱ्या चढाव्या लागल्या. होऊन गेलेल्या आजारामुळे लसीची निकड कमी वाटणे हेही काही ठिकाणी घडले असेल. परंतु तेवढ्याने सारे चित्र स्पष्ट होत नाही.

मांडवीची साथ आणि पहिली लस

हा प्रश्न नवा नाही. प्रौढांना लस द्यावी की नाही, दिली तर कोणाच्या शब्दावर लोक ती घेतील, याचा पहिला मोठा धडा मुंबईने सव्वाशे वर्षांपूर्वी गिरविला आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात, गोदीलगतच्या धान्याच्या वखारींच्या आणि व्यापाऱ्यांच्या वस्तीत, ग्रंथिक सन्निपाताचा म्हणजे प्लेगचा रोग प्रथम ओळखला तो डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय वैद्यकाने. त्यानंतरच्या महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. ऑक्टोबरमध्ये डॉ. वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका अपुऱ्या जागेत, मोजक्या मदतनिसांसह त्यांनी लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा पडताळा पाहण्यात आला.

लस तयार होती. ती घ्यायला मात्र लोक बिचकत होते. आणि बिचकण्यास कारणही होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला होता. घरात शिरून झडती घेणे, रुग्णाला ओढून नेणे, नातलगांना छावणीत डांबणे, सामान जाळणे या उपायांनी लोक हैराण झाले होते. पुण्यात त्याचा शेवट रँडच्या हत्येत झाला, आणि ९ मार्च १८९८ रोजी मुंबईतही विणकरांच्या वस्तीत झडतीवरून दंगल उसळली. एका हाताने दार फोडणाऱ्या सरकारच्या दुसऱ्या हातातील सुईवर विश्वास कसा बसावा? लोक रुग्ण लपवू लागले, आणि लपविलेला रुग्ण साथ वाढवू लागला.

याच शहरात याच काळात एक निराळी गोष्ट घडली. खोजा समाजाचे तरुण धर्मप्रमुख तिसरे आगाखान त्या वेळी वीस वर्षांचेही नव्हते किंवा नुकतेच झाले असतील. त्यांनी आपली 'खुश्रू लॉज' ही वास्तू हाफकिनच्या प्रयोगशाळेसाठी मोकळी करून दिली. अनुयायी साशंक आहेत हे पाहून त्यांनी सर्वांसमक्ष स्वतःला लस टोचून घेतली, आणि तीही एकापेक्षा अधिक वेळा. त्या एका कृतीनंतर त्यांच्या समाजातील हजारो स्त्रीपुरुष लस घेण्यासाठी पुढे आले. शेजारच्या गल्ल्यांत लस तीच होती, वैद्य तेच होते, रोगही तोच होता. फरक पडला तो एवढ्यानेच की, त्या समाजाला आपल्या माणसाने आपल्या दारात, आपल्या डोळ्यांदेखत लस घेतलेली दिसली.

विश्वास जोडायला जितका वेळ लागतो, त्याहून फार थोड्या वेळात तो तुटतो, हेही त्याच लसीने दाखविले. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे एकाच कुपीतून लस दिलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिनवर आला, आणि तो दूर व्हायला १९०७ साल उजाडले. तोवर खेड्यापाड्यांत भय पसरले होते. पुढे १९२५ मध्ये परळच्या त्या प्रयोगशाळेला हाफकिनचे नाव मिळाले. ती संस्था आजही उभी आहे.

सुईपर्यंतच्या पायऱ्या

पुन्हा २०२१ कडे वळले म्हणजे १८९७ चा धडा किती ताजा आहे, याची प्रचीती येते. १६ जानेवारीला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून लसीकरण सुरू झाले. १ मार्चपासून साठीच्या पुढील व व्याधिग्रस्त पंचेचाळिशीच्या पुढील, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीचे सर्व आणि १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्व पात्र ठरले. कागदावर प्रत्येकाचा हक्क समान होता. मात्र तो बजावण्यासाठी माणसाला काही पायऱ्या चढाव्या लागत होत्या.

पहिली पायरी भ्रमणध्वनीची. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी प्रारंभी संगणकीय नोंदणीशिवाय लस नव्हती. वेळा खुल्या होताच क्षणार्धात संपत. ज्याच्या घरात वेगवान जोडणी आणि दोन-तीन तरुण मुले, त्याचे काम झाले. घरात एकच साधा फोन आणि तोही कामावर गेलेल्या बापाच्या खिशात, त्याचे राहिले. संकेतस्थळाला वस्तीची हद्द ठाऊक नव्हती. त्यामुळे गरीब वस्तीतील केंद्रावर दूरच्या उपनगरातला माणूस वेळ मिळवून येई आणि त्याच गल्लीतला रहिवासी बाहेर उभा राही. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात या संगणकीय दरीकडे स्पष्ट बोट दाखविले. २४ मेपासून शासकीय केंद्रांवर या वयोगटाची जागेवर नोंदणी करण्यास मुभा मिळाली होती, आणि जूनमध्ये ते संकेतस्थळ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाले. जूनच्या २१ तारखेपासून केंद्र सरकारने सर्व प्रौढांसाठी मोफत लसीची जबाबदारी घेतली.

दुसरी पायरी वेळेची. केंद्रे दिवसा चालत. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाचा लस घेण्याचा दिवस हा बिनपगारी दिवस असतो, आणि नंतर ताप आला तर दुसरा दिवसही जातो. मोफत लसीची खरी किंमत त्याच्यासाठी दोन दिवसांच्या मजुरीएवढी होती. कार्यालयातील पगारदाराला हा हिशेब कधी मांडावा लागला नाही.

तिसरी पायरी पैशाची. पंचवीस टक्के साठा खाजगी रुग्णालयांना राखून ठेवला होता. जून २०२१ मध्ये तेथील कमाल दर ठरले ते कोविशील्डसाठी ७८० रुपये आणि कोवॅक्सिनसाठी १,४१० रुपये. मोठ्या गृहसंकुलांनी रुग्णालयांशी संधान बांधून आपल्या आवारात शिबिरे भरविली. काही संकुलांनी रखवालदार, वाहनचालक, मोलकरणी यांनाही त्यात सामावून घेतले. काहींनी यादी सभासदांपुरतीच ठेवली. ज्या बाईच्या हातची पोळी घरात खाल्ली जाई, तिने लस घेतली की नाही याची चौकशी मात्र सर्वत्र झाली; तिच्या लसीची सोय सर्वत्र झाली नाही.

चौथी पायरी घरातील स्त्रीची. कमावता पुरुष आधी, मग सासरे, मग सासू आणि सर्वांत शेवटी सून, असा क्रम अनेक कुटुंबांत आपोआप लागला. मुंबई महापालिकेने १७ सप्टेंबर २०२१ हा दिवस केवळ स्त्रियांच्या लसीकरणासाठी राखून ठेवला. असा दिवस ठेवावा लागला, यातच बरेच काही आले. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन लस देण्याचा प्रश्नही मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्यानंतर महाराष्ट्रात ती सोय सुरू झाली.

या चारही पायऱ्यांत लसीविषयीचे अज्ञान ही पायरी अद्याप आलेली नाही. ती आहेच, परंतु ती पाचवी आहे. व्यासपीठावरून होणारा उपदेश मात्र पाचवीपासूनच सुरू होतो.

विवेकाचा प्रश्न

लसीविषयीचा प्रत्येक संकोच अज्ञानातून येत नाही. काही संकोच विवेकातूनही येतात, आणि अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या समाजाला ते चांगलेच परिचित आहेत. हाफकिनच्या काळी रोगजंतू मांसाच्या अर्कात वाढवीत आणि त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. मांसाच्या उल्लेखाने शाकाहारी लोक बिचकले, हे स्वाभाविक होते. जून २०२१ मध्ये कोवॅक्सिनमध्ये वासराचे रक्तद्रव्य असते, अशी वार्ता पसरली. १६ जून रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने खुलासा केला. विषाणू ज्या पेशींत वाढवायचा त्या पेशींच्या वाढीसाठी ते द्रव्य वापरले जाते, नंतर त्या पेशी वारंवार धुतल्या जातात आणि अंतिम लसीत ते द्रव्य नसते, असा त्याचा आशय होता.

हा खुलासा प्रामाणिक होता, कारण त्याने निर्मितीतील वापर नाकारला नाही. तेवढ्याने एखाद्याचे समाधान झाले असेल, एखाद्याचे झाले नसेल. श्रावकाचे जीवन हे संपूर्ण निर्दोष कृतीचे नसून अल्पतम हिंसेच्या शोधाचे आहे, ही जाण परंपरेत आहे. घरातील वृद्ध, दुकानातील नोकर, शेजारचे अशक्त बालक यांच्या प्राणांचा विचारही त्या शोधात येतो. प्रश्न विचारणाऱ्याची थट्टा केली तर तो गप्प बसतो आणि लस टाळतो. त्याला खरे उत्तर दिले तर तो निदान विचार करतो. विवेकाच्या प्रश्नाला उत्तर देण्याचे काम सरकारी पत्रकापेक्षा समाजातील जाणत्या वैद्यांनी केले, तर ते अधिक पोचते.

एकाच यादीतील माणसे

२०२१ च्या घडामोडींत एक छोटी नोंद अशी आहे की, जैन समाजाने ती विसरू नये. लसीसाठी ओळखपत्र आवश्यक होते. परंतु ज्यांनी घर, धन आणि नाव यांचाही त्याग केला, पायी विहार हाच ज्यांचा पत्ता, त्या साधुसाध्वींजवळ ओळखपत्र कोठून असणार? भ्रमणध्वनी तर दूरच. ६ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने ओळखपत्र नसलेल्यांच्या लसीकरणासाठी कार्यपद्धती जाहीर केली. त्यात ज्यांचा उल्लेख होता, ते असे : भटके व विविध धर्मांचे साधुसंत, तुरुंगातील बंदी, मनोरुग्णालयांतील रुग्ण, वृद्धाश्रमातील वृद्ध, रस्त्यावरील भिक्षेकरी आणि पुनर्वसन केंद्रांतील रहिवासी.

ज्यांच्या पायांवर समाज मस्तक ठेवतो, ते आणि ज्यांच्याकडे पाहून समाज रस्ता बदलतो, ते एकाच परिच्छेदात आले. कोणत्याही सरकारी लेखनिकाच्या मनात त्यामागे तत्त्वज्ञान नसेल. पण व्यवस्थेच्या दृष्टीने दोघांची अडचण एकच होती. कागद नसलेला माणूस मोजला जात नाही, आणि न मोजलेल्या माणसाची वाट कोणी पाहत नाही. साधूंना सांभाळणारा संघ होता. श्रावक धावले, वैद्य आले, शिबिरे झाली. भिक्षेकऱ्याला संघ नव्हता. दोघांतील खरा फरक एवढाच होता, आणि वस्ती-वस्तीतील लसीकरणाच्या विषमतेचे सार त्यातच आहे. ज्याला संघ आहे, तो पोहोचतो.

आजची विषमता

साथ ओसरली, केंद्रे बंद झाली आणि प्रौढ लसीकरणाचा विषय पुन्हा मागे पडला. वास्तविक प्रौढांसाठीच्या लसी कोरोनाच्या आधीही होत्या आणि आजही आहेत. फ्लू, न्यूमोकोकल न्यूमोनिया, ब प्रकारची कावीळ, धनुर्वात, नागीण यांवरील लसी वय, व्याधी व व्यवसाय पाहून वैद्य सुचवितात. मधुमेही, दमेकरी, मूत्रपिंडाचे रुग्ण यांना त्यांपैकी काहींचे महत्त्व विशेष आहे. परंतु राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमाचा भर बालके व गर्भवती यांच्यावर आहे. साठी उलटलेल्या सर्वसामान्य माणसाला फ्लूची किंवा न्यूमोनियाची लस नियमितपणे शासकीय केंद्रावर मिळत नाही. ती खाजगीत विकत घ्यावी लागते, आणि काही लसींचे मूल्य काही हजारांच्या घरात जाते.

देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये वार्धक्यविषयक देशव्यापी पाहणी केली. पंचेचाळीस वर्षांवरील व्यक्तींपैकी फ्लूची लस घेतलेले सुमारे दीड टक्का आणि न्यूमोकोकल लस घेतलेले एक टक्क्याहूनही कमी आढळले. शंभरातून एखादा-दुसरा. हा एखादा-दुसरा कोणत्या वस्तीत राहत असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. ज्या देवनार परिसरात ही संस्था आहे, तो एम पूर्व विभाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्वांत खालच्या स्थानी होता. मोजणारी संस्था आणि मागे राहिलेली वस्ती एकमेकींच्या शेजारी आहेत. अंतर किलोमीटरचे नाही.

२०२१ मध्ये निदान लस सर्वांसाठी मोफत होती. वाट तेवढी बिकट होती. आजच्या प्रौढ लसींच्या बाबतीत वाटही बिकट आहे आणि दारही किमतीचे आहे. पुढची साथ येईल तेव्हा ती पुन्हा जुन्याच रेषांवरून हिंडेल. मधुमेही चौकीदार आणि मधुमेही शेठ एकाच उद्वाहनाने वरखाली करतात; एकाला ज्या लसीचे नावही ठाऊक नाही, ती दुसऱ्याच्या औषधाच्या यादीत असते.

संस्थेच्या दारातून

या ठिकाणी धर्मादाय संस्थेचे कर्तव्य सुरू होते. सरकारची जागा संस्थेने घ्यावी, असा याचा अर्थ नव्हे. लस पुरविणे, तिची सुरक्षितता पाहणे, सर्वांना परवडेल अशी व्यवस्था करणे हे शासनाचेच काम आहे, आणि त्याची मागणी समाजाने सातत्याने करावी. परंतु केंद्रापासून माणसापर्यंतचे शेवटचे शंभर पाऊल चालण्याचे काम ओळखीची माणसेच करू शकतात. औषधदानाला चतुर्विध दानांत स्थान देणाऱ्या परंपरेला हे काम परके नाही. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. तीन-चार सवयी लागतात.

पहिली सवय मोजण्याची. संस्थेच्या परिसरातील प्रत्येक गल्लीत साठीच्या पुढचे किती, एकटे राहणारे किती, अंथरुणावर किती, याची साधी वही असावी. त्या वहीत सभासदांच्या घरांबरोबर त्या घरांत राबणाऱ्यांची, दुकानांतील हमालांची आणि इमारतीच्या रखवालदारांची नावे असावीत. दुसरी सवय वेळेची. महिन्यातील एखाद्या रविवारी किंवा दुकाने बंद झाल्यावर संध्याकाळी संस्थेचे सभागृह महापालिकेच्या आरोग्य केंद्राला किंवा विश्वासू वैद्यांना उपलब्ध करून द्यावे. तिसरी सवय सोबतीची. ज्या तरुणांनी २०२१ मध्ये शेजाऱ्यांसाठी रात्री जागून नोंदण्या केल्या, त्यांनी आजी-आजोबांना वैद्याकडे नेण्याचे काम वर्षातून दोन दिवस करावे. कोणाला कोणती लस योग्य, हे वैद्यानेच ठरवावे. सोबत्याने फक्त सोबत करावी आणि नंतरच्या तापाच्या दिवशी दार ठोठावावे. चौथी सवय मालकाची. नोकराला लसीचा दिवस भरपगारी मिळावा. या एका निर्णयाला कोणत्याही व्याख्यानाची गरज नाही.

आणि या सर्वांच्या अगोदर आगाखानांनी केले ते. विश्वस्तांनी, समाजाच्या ज्येष्ठांनी, शेठांनी आपली बाही सर्वांसमक्ष वर करावी. परंतु त्या दिवशी रांगेत पहिला क्रमांक इमारतीच्या झाडूवाल्याचा असावा. ज्येष्ठांनी त्याच्या मागे उभे राहावे. १८९७ च्या शहराने पुढाऱ्याच्या दंडाकडे पाहून विश्वास ठेवला. आजच्या शहराला रांगेकडे पाहून विश्वास ठेवता यायला हवा.

पन्नास वर्षांपूर्वी ज्या हातांनी ही संस्था उभारली, त्यांपैकी बहुतेक हात आज थकले आहेत. त्या हातांना आज लसीची गरज आहे, आणि त्यांना आधार देऊन केंद्रापर्यंत नेणाऱ्या हातांनाही आहे. शहराचा आकडा शंभर टक्के भरला, यात समाधान मानण्यापेक्षा आपल्या वहीतील एका गल्लीचे एकही नाव रिकामे राहिले नाही, यात संस्थेने समाधान मानावे. सुवर्णमहोत्सवाच्या सांगतेला अशी एक वही विश्वस्तांच्या मेजावर आली, तर स्मरणिकेतील अनेक पाने सार्थकी लागली, असे समजण्यास हरकत नाही.

जय जिनेंद्र.